खोकला आला की लघवी सुटते? मी केलेल्या या चुका तुम्ही तरी टाळा

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंप, बादल्या, घागरी, जे भांडं हाताला लागेल ते भरून ठेवायचं. अशाच एका रात्री साडेअकराला पाणी आलं, मी भरलेली कळशी उचलून कट्ट्यावर ठेवायला गेले आणि पाय ओले झाले. मला वाटलं कळशीतलं सांडलं. कळशी काठापर्यंत भरलेलीच नव्हती.

त्यानंतर दोन वर्षं मी कुणाला काही बोलले नाही. खोकताना पाय आवळायचे, लग्नाला जाताना गडद साडी नेसायची, कुठंही गेलं की आधी बाथरूम कुठंय ते बघून ठेवायचं. याला मी भागवणं म्हणत होते. नंतर कळलं की मी ज्याला भागवणं म्हणत होते त्यातल्या निम्म्या गोष्टी दुखणं वाढवणाऱ्याच होत्या.

पाणी तोडणं

पहिली चूक ही, आणि आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक बाई ती करते. बाहेर जायचंय ना, मग सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४३-४४ ला जातो आणि आपण दोन घोट पाणी आणि सहा कप चहावर दिवस काढतो. माझी आई विड्या वळायची, मांडीवर सूप घेऊन सकाळी बसली की दुपारपर्यंत उठायची नाही, उठलं की विड्या कमी भरतात ना, म्हणून पाणीच कमी प्यायची. चहा मात्र चालूच.

होतं काय, पाणी कमी पडलं की लघवी घट्ट आणि पिवळी जर्द होते, ती आतून चुरचुरते, मग थोडी जरी साठली तरी लगेच जावंसं वाटतं. वर बद्धकोष्ठ होतं आणि संडासला जोर करून करून खालचे स्नायू सैल पडतात. चहानं घाई आणखी वाढते. म्हणून पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, लघवीचा रंग फिकट राहील एवढं (किडनी किंवा हार्टचं दुखणं असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच). रात्री सारखं उठावं लागत असेल तर संध्याकाळनंतरचं पाणी कमी करा, दिवसाचं नको. शेंगाचटणी सोडा असं मला कुणीच सांगितलं नाही, चहा सहावरून दोनवर आणा असं सांगितलं आणि त्यानंच जास्त फरक पडला.

"निघताना एकदा जाऊन येते"

ही सवय आपल्याला आईनंच लावलेली असते. लागलेली नसताना दर अर्ध्या तासाला जाऊन आलं की मूत्राशयाला थोडक्यातच रिकामं व्हायची सवय लागते, आणि मग खरंच थोडक्यात घाई होते. तसं बघायला गेलं तर त्यात आरामात ४०० मिली मावतं, दिवसातून सहा ते आठ वेळा जाणं म्हणजे नॉर्मल. याची उलटी चूक म्हणजे सहा-सहा तास धरून ठेवणं, शाळेतल्या बायका, दुकानात उभं राहणाऱ्या मुली हेच करतात कारण बाथरूम एकतर नसतं नाहीतर जाण्यासारखं नसतं, यात बाईची चूक कसली म्हणा. पण तीन-चार तासाला जाता येईल असं बघा. आणि बाहेरच्या कमोडवर घाण वाटते म्हणून अर्धवट अधांतरी उभं राहून करू नका, त्या अवस्थेत खालचे स्नायू ढिले पडतच नाहीत आणि थोडी लघवी आतच राहते. टिश्यू टाकून बसा, किंवा सरळ भारतीय पद्धतीचं शोधा.

तीन दिवसांची वही हा प्रकार मला फार कामाला आला. किती वाजता किती प्यायले, किती वाजता गेले, किती झाली (मापाचा जुना प्लास्टिक मग वेगळा काढून ठेवला होता), कधी सुटली आणि तेव्हा काय करत होते. दुसऱ्याच दिवशी दिसलं की मी सतरा वेळा जाते आणि बऱ्याचदा शंभर मिली पण होत नाही! मग लागल्यावर लगेच न पळता आधी पाच-दहा मिनिटं थांबायचं, जमायला लागलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. महिना-दीड महिना लागला.

प्रत्येक जळजळीला "उन्हाळी लागली" म्हणणं

सब्जा घ्या, धने-जिऱ्याचं पाणी घ्या, माझी काही हरकत नाही, मी पण घेते. पण जळजळ, सारखी लागणं, थेंब थेंब होणं, घाण वास, हे दोन दिवसांत कमी झालं नाही तर ते इन्फेक्शन असू शकतं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, त्यामुळं संडासच्या जागेचे जंतू चटकन वर चढतात, बहुतेक वेळा ई. कोलाय. माझी चूक अशी की मेडिकलमधून मागच्या वेळच्याच अँटिबायोटिक गोळ्या आणायच्या, तीन खाल्ल्या की बरं वाटायचं, उरलेल्या डब्यात. पुढच्या वेळी त्याच गोळीनं काही फरक पडेना. जळजळीचं सायरप सुद्धा जळजळच थांबवतं, जंतू तिथंच राहतात.

इन्फेक्शन परत परत होत असेल तर गोळी सुरू करायच्या *आधी* युरिन कल्चर (लघवीत कुठले जंतू आहेत, त्यांना कुठली गोळी लागू पडते ती तपासणी) करा. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, आणि डबी दोन तासांच्या आत लॅबला पोचवायची, नाहीतर उन्हात जंतू वाढून रिपोर्ट भलताच येतो. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. सोबत शुगर बघा, लघवी वारंवार होतेय त्याच्यामागं कित्येकदा शुगरच निघते. पाळी गेलेल्या बायकांना तिथली कातडी पातळ आणि कोरडी पडल्यामुळं पण हा त्रास होतो, त्यासाठी डॉक्टर इस्ट्रोजेनचं लावायचं क्रीम देतात. डेटॉलचं पाणी, सुवासिक वॉश वगैरे आत वापरू नका. साधं पाणी पुरे, पुढून मागं धुवायचं, मागून पुढं नाही.

व्यायाम उलटा करणं

केगल व्यायाम, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, यूट्यूबवर बघून मी तीन महिने केला आणि त्रास वाढला! मी स्नायू वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होते. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी हा व्यायाम मांडला, तेव्हा ते स्नायूंचा जोर मोजायला यंत्र वापरायचे, म्हणजे बरोबर होतंय का हे बघणं तेव्हापासूनच महत्त्वाचं. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले स्नायू असतात, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं त्या झोळीवर. गॅस आणि लघवी दोन्ही एकदम अडवतोय अशी झोळी आत-वर ओढायची, पाच सेकंद धरायची, मग तेवढाच वेळ *पूर्ण* सोडायची. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि ढुंगण आवळायचं नाही. खाली आरसा धरून बघा, जागा आत गेली पाहिजे, बाहेर फुगली तर चुकतंय. लघवी करताना मध्येच धार अडवून रोज प्रॅक्टिस करायची हा पण चुकीचा सल्ला आहे, पूर्ण रिकामं होत नाही त्यानं.

तीन महिने तरी द्या, आठवड्यात सोडू नका. आणि आणखी एक युक्ती फिजिओथेरपिस्टनी शिकवली, खोकला-शिंक यायच्या क्षणी, कळशी उचलायच्या आधी झोळी आवळून घ्यायची. आता मी कळशी अर्धीच भरते आणि आवळून मग उचलते. ज्यांना संबंधाच्या वेळी दुखतं, ओटीपोट सारखं आखडलेलं असतं त्यांनी मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका, त्यांचे स्नायू आधीच घट्ट असू शकतात, त्यांना ढिलं सोडायला शिकायचं असतं.

कुठली पिशवी?

हे जरा सविस्तर सांगते कारण इथंच सगळ्यात मोठं नुकसान होतं. आपण गर्भाशयाला पण पिशवी म्हणतो आणि मूत्राशयाला पण. "पिशवीचा त्रास आहे" म्हणून बाई जाते, बोलण्यात घोळ होतो, आणि घरी कुणीतरी ठरवूनच टाकतं, पोरं झालीत ना, काढून टाक पिशवी, कटकट संपली. माझ्या आत्यानं ऐन चाळिशीत काढली, कारण काय तर लघवी सुटते. पिशवी गेली, लघवी सुटायची ती सुटतच राहिली. गर्भाशय काढल्यानं मूत्राशयाचा आधार घट्ट होत नाही ओ.

उपचार त्रासाप्रमाणं वेगळा असतो. खोकल्या-शिंकेला सुटत असेल तर व्यायाम, वजन कमी करणं, खोकल्याचा इलाज (तंबाखूची धूळ नाकात जाणाऱ्या विडी कामगार बायांनी हे विशेष बघावं), आणि नाहीच भागलं तर टेप (मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी) बसवायचं ऑपरेशन. घाई होऊन बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत सुटत असेल तर ती वेळ वाढवायची सवय आणि सोलिफेनासिन, मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या. या गोळ्या खोकल्याच्या सुटण्याला चालत नाहीत, म्हणून जावेची चिठ्ठी दाखवून आणू नका, सोलिफेनासिननं तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, मिराबेग्रॉननं बीपी वाढू शकतं. अंग बाहेर येत असेल, खाली काहीतरी गोळा लागतोय, बसल्यावर अंड्यावर बसल्यासारखं वाटतंय, तर प्रत्येकीला ऑपरेशनच लागतं असं पण नाही. सिलिकॉनची रिंग बसवतात. सासूबाईंना वयामुळं ऑपरेशन नको होतं, त्यांना हीच बसवली, काही महिन्यांनी काढून धुवून, तपासून परत बसवतात.

आणि बाळंतपणात फार अडलं होतं किंवा पिशवीचं ऑपरेशन झालंय, आणि त्यानंतर दिवसरात्र, झोपेत सुद्धा लघवी ठिबकतेय, तर तो फिस्टुला (मूत्राशय आणि योनीमध्ये पडलेलं भोक) असू शकतो. तो व्यायामानं जात नाही, ऑपरेशननं बरा होतो. नशीब म्हणून बसू नका.

थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, लघवीत रक्त, लघवी पूर्ण अडकणं, गरोदरपणात जळजळ, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत अंगावरून जाणं, यात घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

शेवटची चूक केसपेपरच्या खिडकीवर होते. मागं रांग, समोर पुरुष, तो विचारतो काय होतंय, आणि आपण म्हणतो "कंबर दुखते". मग कंबरेच्या गोळ्या घेऊन घरी. मी असं तीनदा केलं. चौथ्यांदा घरूनच चिठ्ठी लिहून नेली: खोकल्यावर लघवी सुटते, दिवसातून चार-पाच वेळा, दोन वर्षं. खिडकीवर फक्त "बायकांची ओपीडी" एवढंच म्हटलं, आत गेल्यावर चिठ्ठी टेबलावर सरकवली. मॅडमनी वाचली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहून आणलंत ताई. आधी सांगा, उचलताना पण सुटते का?"