सीओपीडी असताना परदेशी जाताय? तिकिटापासून परतीपर्यंत या चुका टाळा

व्हिसा हातात पडला की घरात मेतकूट, भाजणी आणि डिंकाच्या लाडवांच्या वजनाची गणितं सुरू होतात. छातीच्या डॉक्टरांची आठवण होते ती शेवटच्या आठवड्यात, तीही बहुधा ‘विमानप्रवासाला हरकत नाही’ एवढी चिठ्ठी हवी म्हणून. सगळ्या चुकांचं मूळ तिथेच आहे. आधी छाती तपासायची, मग तिकीट काढायचं. हा क्रम पाळला तर पुढचं बरंचसं सोपं होतं, कारण कोणती फ्लाइट, किती थांबे, कोणता ऋतू, मुक्काम किती, हे सगळं फुप्फुसाच्या ताकदीवर ठरायला हवं, स्वस्त तिकिटावर नाही.

सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराला आपल्याकडे सरसकट ‘दमा’ म्हणतात. बिडी-सिगारेट, वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर, गिरणीतली धूळ, जुना टीबी, यातल्या कशानेही श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. औषधाने त्या थोड्या सैल होतात, पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे ‘सध्या बरं आहे’ याचा अर्थ राखीव ताकद कमी असूनही घरच्या सवयीच्या हालचालींत ते जाणवत नाही, इतकाच.

“बोटावर ९६ आलं, म्हणजे काळजी नाही”

ही सगळ्यात जास्त आढळणारी समजूत. सोफ्यावर बसून ऑक्सिमीटरने दाखवलेला आकडा विमानात टिकत नाही. उडताना केबिनमधला हवेचा दाब कमी केलेला असतो. जास्तीत जास्त ८००० फुटांवरच्या डोंगरावर बसल्यासारखा. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब उतरल्यामुळे शरीराला मिळतो तो जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेइतका. धडधाकट माणसाला हे कळतही नाही. सीओपीडीच्या माणसाला बसल्या जागी चालून जातं आणि टॉयलेटपर्यंत गेल्यावर धाप लागते.

म्हणून डॉक्टरांना नुसता बसलेला आकडा सांगू नका. सहा मिनिटं चालण्याची चाचणी मागा. काही ठिकाणी मास्कमधून २० मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा देऊन आकडा किती खाली जातो ते बघतात. ही सोय सगळीकडे नसते, पण शंका असेल तर विचारायला हरकत नाही. फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील, पूर्वी छातीत हवा साचून फुप्फुस आकसलं असेल, किंवा गेल्या महिना-दीड महिन्यात दम वाढून ॲडमिट व्हावं लागलं असेल, तर हे आपणहून सांगा. आपली माणसं अशा गोष्टी ‘जाऊ देणार नाहीत’ या भीतीने दडवतात आणि मग वाटेत कुठेतरी त्रास सुरू होतो.

बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत केबिनचा दाब साधारण ६००० फुटांइतका ठेवतात. तिकीट निवडायची मोकळीक असेल तर हा फरक पदरात पाडून घ्यावा. खिडकीचा हट्टही सोडावा. टॉयलेटजवळची, जायच्या वाटेकडची सीट बरी.

ऑक्सिजनचं मशीन ऐनवेळी

घरचा सिलिंडर घेऊन विमानात चढता येईल हा गैरसमज अजून आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार प्रवाशाला स्वतःचा भरलेला सिलिंडर नेता येत नाही. चालतं ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारं बॅटरीवरचं छोटं मशीन, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, आणि तेही विमानात चालण्याजोगं असल्याचा शिक्का असलेलं. भाड्याने घेत असाल तर मशीन उलटं करून हा शिक्का स्वतः वाचा. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला यावर भागत नाही. काही विमान कंपन्या पैसे घेऊन स्वतः ऑक्सिजन देतात, काही अजिबात देत नाहीत. देतात त्याही फक्त विमानात. दुबईला किंवा फ्रँकफर्टला पाच तास थांबा असेल तर त्या पाच तासांची सोय आपली आपण.

बॅटरीचं गणित तर हमखास चुकतं. अमेरिकेशी संबंधित फ्लाइटवर कंपनी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी बॅटरी मागू शकते. मुंबईहून न्यूयॉर्कची थेट फ्लाइट साधारण १६ तासांची धरली तर २४ तास झाले. एक बॅटरी चार-पाच तास चालणारी असेल तर पाच-सहा हव्यात. सीटखालच्या प्लगवर विसंबू नका. सुट्या बॅटऱ्या हँडबॅगेतच, आणि त्यांची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशा वेगळ्या पिशव्यांत. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले असतात. १०० पर्यंत सहसा अडत नाही, १०० ते १६० असेल तर कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. छोट्या मशीनवरचा ‘२’ म्हणजे दोन लिटर नव्हे. ही मशीनं बहुधा श्वास ओढला की एक झोत सोडतात, सलग प्रवाह देत नाहीत. घरच्या मोठ्या मशीनवर दोन लिटर लागतात म्हणून इथेही दोनवर लावलं तर कमी पडू शकतं. झोपेत श्वास उथळ झाला की काही मशीनना तो कळतही नाही. म्हणून निघण्याआधी त्याच मशीनवर घरात चालून, जिना चढून, एक दुपार झोपून बघा, बोटाला ऑक्सिमीटर लावून. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून उड्डाणाआधीच्या ४८ तासांच्या बऱ्याच आधी पाठवा. शेवटच्या दोन दिवसांत फोन कोणी उचलत नाही, हे सांगायला नकोच.

औषधं: बॅगेत काय, कागदावर काय

पंप मोठ्या बॅगेत टाकणं ही चूक इतकी साधी आहे की लिहायलाही संकोच वाटतो, पण होते. बॅग चुकली की पहिले दोन दिवस पंपाविना. शिवाय मालाच्या कप्प्यात पंप फार गार पडतो, आणि गार पंपातून फवारा नीट येत नाही. सगळे पंप, स्पेसर, नेब्युलायझरच्या छोट्या कुप्या हँडबॅगेत ठेवा. वाफेच्या औषधाला द्रवपदार्थांची १०० मिलिलिटरची अट सहसा आड येत नाही, पण तपासणीच्या वेळी वेगळं काढून सांगावं लागतं.

कॅप्सूल घालून ओढायचा पंप वापरत असाल तर तीच कॅप्सूल आणि तेच उपकरण तिकडच्या दुकानात मिळेल असं धरून चालू नका. आपले ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही. डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांची, ताकदीसकट, इंग्रजीत टाइप केलेली यादी घ्या. साल्ब्युटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात, तेही यादीत लिहून घ्या. डॉक्टरांनी फोनवर पाठवलेलं भारतातलं प्रिस्क्रिप्शन अमेरिकेतलं मेडिकल दुकान घेत नाही. तिथल्या डॉक्टरांचंच लागतं.

या यादीत एक नाव आवर्जून ठळक करा: थिओफायलिन. डेरिफायलिनच्या गोळीत हेच असतं, आणि ती गोळी आपल्याकडे इतकी सवयीची आहे की ती ‘औषध’ म्हणून सांगायचीच राहून जाते. अमेरिका-युरोपात ती आता फारशी वापरात नाही, त्यामुळे तिथला डॉक्टर तिच्याबद्दल विचारणार नाही. आणि प्रवासात पोट बिघडलं म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतलं, किंवा छातीच्या संसर्गासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर रक्तातलं थिओफायलिन वाढतं. मळमळ, धडधड, हात थरथरणं, जास्त झालं तर झटके. मुलाच्या घरी गेल्यावर बिडी सुटली तरी हेच होतं, कारण धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जात असतं. बिडी सुटणं उत्तमच, फक्त डोस डॉक्टरांना विचारून बदलावा लागतो.

खोकल्याच्या आणि दुखण्यावरच्या औषधांबाबत सावध. कोडीन असलेलं सिरप किंवा ट्रॅमाडॉलची गोळी घेऊन संयुक्त अरब अमिरातीत उतरणं म्हणजे नसतं झंगट. तिथे ही औषधं नियंत्रित यादीत आहेत आणि आधी सरकारी परवानगी लागते. सिंगापूरलाही कोडीनवर बंधनं आहेत. सीओपीडीत कोडीन घेणं तसंही शहाणपणाचं नाही. ते श्वास मंदावतं. घरीच ठेवा.

किती न्यायची? अमेरिकेत स्वतःपुरती साधारण ९० दिवसांची औषधं चालतात. आईबाबा सहा महिने राहणार असतील तर उरलेली मागाहून पाठवावी लागतात, सोबत डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन आणि व्हिसा-पासपोर्टच्या प्रती जोडून. औषधं मूळ वेष्टनात हवीत. सोमवार-मंगळवारच्या प्लॅस्टिकच्या डबीत भरलेल्या गोळ्या कस्टमला काय समजणार?

नेब्युलायझरच्या तळाचा स्टिकर वाचा. त्यावर फक्त २३० व्होल्ट असेल तर ते अमेरिकेत चालणार नाही. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. १०० ते २४० लिहिलेलं किंवा बॅटरीवरचं मशीन न्या. बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) बहुधा दोन्हीकडे चालतं, फक्त त्यातलं पाणी ओतून टाका.

फ्लू आणि न्यूमोनियाची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्या.

युंगफ्राऊचा मोह

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये स्वित्झर्लंडचा बर्फ ठरलेला. आता आकडे बघा. युंगफ्राऊयोख ३४५४ मीटरवर आहे, टिटलिस ३०२० मीटरवर. विमानाच्या केबिनची कमाल मर्यादा सुमारे २४०० मीटर, म्हणजे इथे त्याहून वर चढायचं आणि तेही रेल्वेत किंवा रोपवेत बसून, शरीराला सवय व्हायला वेळच न देता. युंगफ्राऊयोखवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो. वर पोचल्यावर बर्फाच्या गुहेत चालणं, गॅलरी, फोटो, आणि ग्रुपबरोबर ठरलेल्या वेळी खाली यायची घाई. त्यात थंड कोरडी हवा छातीला लागली की श्वासनलिका आवळतात. ‘एवढे पैसे भरले आहेत’ हे वर जायला पुरेसं कारण नाही. इंटरलाकनला, नाहीतर टिटलिसच्या पायथ्याशी एंगेलबर्गला निवांत चहा घेत बसावं, बाकीच्यांना जाऊ द्यावं. टूर मॅनेजरला हे पहिल्याच दिवशी सांगा, तिकिटाच्या रांगेत नव्हे.

नेपाळमध्ये मुक्तिनाथला जाणाऱ्यांनाही हेच लागू. मंदिर ३७०० मीटरच्या वर आहे आणि पायऱ्या आहेत.

दम वाढला, आता काय?

पहिली चूक वाट बघण्याची. सून ऑफिसला गेलीय, मुलाला कशाला त्रास, खर्च किती येईल, या विचारात दोन दिवस जातात. कफाचा रंग हिरवा-पिवळा झाला, तो वाढला, पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, ही वेळ आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लेखी योजना घ्या: कुठल्या लक्षणावर पंप किती वाढवायचा, स्टेरॉइडच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, अँटिबायोटिक कधी. स्टेरॉइड बहुधा प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, पाच दिवस असं देतात; डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलाच घ्यायचा. मधुमेह असेल तर त्या पाच दिवसांत साखर चढते, म्हणून ग्लुकोमीटरही सोबत हवा.

दुसरी चूक जास्त धोक्याची. ऑक्सिमीटर ८९ दाखवतोय म्हणून घरची मंडळी घाबरून मशीन दोनवरून पाचवर नेतात, ९८ आलं की हुश्श करतात. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस गुंगीत जातो, आणि आकडा छान दिसत असल्यामुळे ‘झोपलेत जरा’ असं वाटतं. अशांसाठी लक्ष्य ८८ ते ९२ असतं. तुमच्या माणसाचं लक्ष्य किती, हे एका कार्डावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना दाखवा.

बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल, तर थेट तातडीची सेवा: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघात ११२. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला पैशांचा विचार न करता तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येतंच. त्यापेक्षा सौम्य त्रासाला अर्जंट केअर दवाखाना बरा पडतो. वाफ आणि प्रिस्क्रिप्शन तिथे मिळतं. ब्रिटनमध्ये अपघात विभागातली तपासणी फुकट असते, पण ॲडमिट केलं की भारतासारख्या देशांतून आलेल्या पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.

म्हणून विमा घेताना आजार लपवू नका. लपवलेला आजार केसपेपरवर दिसतोच आणि क्लेम उडतो. आधीपासून असलेल्या आजाराला बऱ्याच पॉलिसींमध्ये फक्त जीवावर बेतलं तरच पैसे मिळतात, किंवा ‘अचानक उद्भवलेला त्रास’ एवढंच धरलं जातं. वयाची अटही त्याच बारीक अक्षरांत असते. एजंटला फोनवर नका विचारू, ईमेलवर विचारा.

“तिकडे नवीन ट्रीटमेंट निघालीय म्हणे”

निघाली आहे, खरं आहे. ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन सीओपीडीसाठी २०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मंजूर झालं, पण ते रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या आणि नेहमीचे पंप पुरे न पडणाऱ्या रुग्णांसाठी आहे, आणि दर दोन आठवड्यांनी चालू ठेवायचं असतं. तीन महिन्यांच्या मुक्कामात सुरू करून विमानात बसायचं औषध नाही ते. एम्फिसिमाच्या (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब झालेल्या) निवडक रुग्णांना श्वासनलिकेत बसवायच्या झडपांना अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. त्यासाठीही बऱ्याच तपासण्या आणि नंतर लक्ष ठेवणारा डॉक्टर लागतो. चौकशी जरूर करा, रिपोर्ट न्या, मत घ्या. फक्त ‘स्टेम सेलने फुप्फुस नवं होतं’ म्हणणाऱ्या क्लिनिकच्या दारात पाऊल टाकू नका. सीओपीडीसाठी असा उपचार अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलेला नाही.

परतीचं तिकीट

जातानाचा ऑक्सिजन, व्हीलचेअर, वैद्यकीय फॉर्म हे सगळं परतीसाठी वेगळं बुक करावं लागतं, आणि तेव्हा ते कोणाच्या लक्षात नसतं. भाड्याचं मशीन तिकडेच परत द्यायचं ठरलं असेल तर येताना हातात काहीच नाही. मुक्कामात ॲडमिट व्हावं लागलं असेल तर जुना फॉर्म उपयोगाचा नाही. तिथल्या डॉक्टरांकडून नवीन घ्या आणि डिस्चार्जचे कागद सोबत आणा. तिकीट तारीख बदलता येणारं घ्यावं ते यासाठीच. आणि परतीची तारीख डिसेंबरातली असेल, तर आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या धुरकट हवेचा विचार करून ती पुढे ढकलता येते का, हे मुलांशी आधीच बोलून ठेवा.