सुक्या गवतावर ड्रोन उडवताय? आग टाळायची कशी, लागलीच तर करायचं काय

ड्रोनमुळे लागणारी आग क्वचितच हवेत लागते. ड्रोन गवतात पडतो आणि पुढच्या मिनिट-दोन मिनिटांत तिथं ठिणगी पेटते. नागपूरभोवती मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा कुसळी गवत, सागाचा पाचोळा, धुऱ्यावरचं कुटार, उपटून रचलेल्या पऱ्हाट्या, सगळंच पेटायला टपलेलं असतं. दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते आणि वावटळी उठतात. या दिवसांत उडवायचंच असेल तर सकाळी सहा ते आठ. संध्याकाळ थंड वाटते, पण दिवसभर तापलेलं गवत तेव्हाही कोरडंच असतं आणि अंधार पडला की पडलेला ड्रोन सापडत नाही.

पेट कुठून घेते

पहिलं कारण अडकलेली मोटर. पाच इंची पात्यांचा एफपीव्ही (गॉगलमध्ये बघत उडवायचा) ड्रोन गवतात पडला, पात्यांमध्ये काड्या गुंतल्या आणि थ्रॉटल तसाच राहिला, की फिरू न शकणारी मोटर प्रचंड करंट ओढते. तांब्याच्या गुंडाळ्या जळतात किंवा इएससीवरचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवरचे) मॉस्फेट, म्हणजे करंटचे स्विच, फुटतात आणि खाली पाचोळा असतोच. उलटा पडलेला ड्रोन टर्टल मोडने, म्हणजे मोटरा फिरवूनच, सरळ करायचा मोह इथंच महागात पडतो. माती किंवा मुरमावर तो एकदा करून बघा, गवतात अजिबात नको. पडला की आधी डिसआर्म (रिमोटवरून मोटरा बंद), मग चालत जाऊन उचला.

दुसरं कारण बॅटरी. लायपो (लिथियम पॉलिमर) पॅकला कडक कवच नसतं. दगड किंवा कार्बन फ्रेमची कड आत घुसली की सेलमधला पडदा फाटतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो. हे लगेच दिसतंच असं नाही. पॅक दहा-वीस मिनिटं गप्प राहून मग फुगतो, धूर सोडतो आणि भडकतो. म्हणून हरवलेला ड्रोन "उद्या येऊन शोधू" म्हणून सोडून येणं हा यातला सर्वांत मोठा बेजबाबदारपणा. बझर लावा, जीपीएसचं शेवटचं ठिकाण आणि गॉगलमधलं रेकॉर्डिंग बघा, पण शोधूनच निघा.

तिसरं म्हणजे बॅटरीचा एक्सटी-60 प्लग जोडताना उडणारी ठिणगी. सहा सेलचा पॅक लावताना ती नेहमीच दिसते, तेव्हा प्लग गवतावर बसून जोडू नका. विजेच्या तारा चौथ्या: 11 केव्हीच्या तारांना ड्रोन लागला तर खाली पडते ती जळती वस्तूच. आणि खरं सांगायचं तर मैदानावर ड्रोनपेक्षा गवतात उभ्या केलेल्या बाइकचा तापलेला सायलेन्सर आणि कुणाची तरी विडी जास्त धोक्याची. गाडी डांबरावर किंवा मातीवरच लावा.

जागा आणि सामान

उडवायला आटलेल्या तलावाचं भेगाळलेलं पात्र, जुनी मुरूम खाण किंवा नुकतंच नांगरलेलं वावर उत्तम, मालकाला विचारून. चिमूटभर माती सोडून वारा बघा. वारा ज्या अंगाला वाहतो तिकडे रस्ता, कालवा किंवा मोकळी जमीन असावी. तिकडे साग किंवा उभं गवत असेल तर जागा बदला. टेकऑफची जागा किमान दोन मीटर झाडून माती उघडी करा. बाजारात मिळणारा घडीचा लँडिंग पॅड चालतो, पण तो वितळतो, आगीपासून वाचवत नाही. त्याखाली ओलं पोतं टाका. पहिला पल्ला वाऱ्याच्या विरुद्ध ठेवा म्हणजे परत येताना बॅटरी पुरते. 30 टक्के उरली की परत. गरम, विरळ हवेत मोटरा जास्त राबतात आणि अंदाज चुकतात. अनेक कॅमेरा ड्रोनची वापरमर्यादा 40 अंश आहे आणि मेमधला नागपूर सकाळी अकरालाच तिथं पोहोचतो.

सोबत पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप, पाण्याने भरलेला. कृषी दुकानातला साधा बॅटरी पंप पुरतो, फक्त आधी धुतलेला हवा. शिवाय एक बादली वाळू, फावडं, कडुनिंबाच्या दोन हिरव्या फांद्या, जाड चामडी हातमोजे. आणि दुसरा माणूस; एकट्याने उन्हाळ्यात उडवू नये.

पॅक स्कूटीच्या डिकीत किंवा उन्हातल्या कारमध्ये ठेवू नका, आत सहज साठ अंश होतात. लायपो बॅगेत (आग रोखणाऱ्या पिशवीत) घालून सावलीत ठेवा. उतरताच पॅक तापलेला असतो, थंड होईपर्यंत चार्जिंग नको. चार्ज 1सी दराने, म्हणजे पॅकच्या क्षमतेइतक्याच करंटने: 1300 एमएएचच्या पॅकला 1.3 अँपिअर, तेही फरशीवर, समोर बसून. कूलरच्या सुक्या ताटीजवळ तर मुळीच नको. वापर नसेल तेव्हा सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा. भरून ठेवलेला पॅक उन्हाळ्यात फुगतो आणि भडकला तर जोरात भडकतो.

पडल्यावर

थ्रॉटल शून्य, डिसआर्म. पंप घेऊन पळा, वारा जिकडून येतो त्या बाजूने जा. धूर नसेल तर ड्रोन उचलून मोकळ्या मातीवर आणा, पॅक तापलेला किंवा फुगलेला नसेल तरच काढा आणि गवतापासून तीन मीटर लांब ठेवून अर्धा तास नजर ठेवा. धूर असेल तर प्लग ओढण्याच्या भानगडीत पडू नका, तो वायू विषारी असतो. आधी भोवतालचं गवत भिजवा, मग पॅकवर भरपूर पाणी. वाळूने आग पसरणं थांबतं, पण सेल आतून थंड होत नाही. त्यामुळे विझल्यासारखा दिसणारा पॅक पुन्हा पेटतो. शेवटी तो बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा.

गवत पेटलंच तर जळून गेलेल्या बाजूने आत या आणि कडेकडेने फांदीने दाबत जा. झोडपलं की ठिणग्या उडतात. पुढून अडवायला जाऊ नका. ज्वाळा गुडघ्यावर गेल्या की मागे हटा, 101 किंवा 112 लावा. जंगलाजवळ असाल तर वनविभागाचा 1926. पत्ता सांगताना मोबाइलवरचं लोकेशन द्या, आणि जवळच्या वस्तीला हाक मारा.

जबाबदारी

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला आणि राखीव वनात परवानगीशिवाय ड्रोन नाहीच. 1927 चा भारतीय वन कायदा आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आगीबाबत कडक आहेत. शहरात सोनेगाव विमानतळ आणि वायुसेनेच्या हद्दींमुळे मोठा भाग परवानगी लागणाऱ्या लाल किंवा पिवळ्या क्षेत्रात येतो; सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा दरवेळी बघा. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमवरच्या ड्रोनला तृतीय पक्ष विमा लागतो, आणि अपघात झाला तर 48 तासांत त्याच पोर्टलवर कळवावं लागतं. निष्काळजीपणे आग लागून कुणाचा जीव धोक्यात आला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 287 लागू शकतं. पण पोलिसांच्या आधी शेतकऱ्याकडे जा, स्वतःहून. त्याचं कुटार जळालं तर त्याची जनावरं पावसाळ्यापर्यंत काय खातील हा प्रश्न त्याच दिवशी सोडवायचा असतो: नुकसान मोजा, फोटो काढा, पंचनाम्याला थांबा, विमा कंपनीला तिथूनच फोन लावा.