चालू सेलमधल्या इलेक्ट्रोडचा स्पेक्ट्रम घेताय? या चुका टाळा

उत्प्रेरक म्हणून वापरलेला तांब्याचा इलेक्ट्रोड विद्युतरासायनिक सेलमधून काढून, धुऊन, वाळवून स्पेक्ट्रोमीटरखाली ठेवला की हवेनं त्यावर ऑक्साइड चढलेलंच असतं. ते उत्प्रेरकाचं काम करतानाचं रूप नव्हे. म्हणून सेल चालू ठेवूनच मोजायचं, म्हणजे ऑपरांडो. पण नुसता प्रवाह वाहतोय एवढ्यावर विसंबू नका.

सगळ्यात मोठा घोटाळा किरणच करतो. रामन पद्धतीत (विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्यात) लेझर एका बारीक ठिपक्यावर एकवटतो आणि तिथला उत्प्रेरक तापून बदलू शकतो. क्ष-किरणांनी पाण्याचं विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलकं आणि मोकळे इलेक्ट्रॉन तयार होतात. मग विभवाला (इलेक्ट्रोडवरच्या व्होल्टेजला) हातही न लावता धातूची ऑक्सिडीकरण अवस्था सरकते. विभव स्थिर ठेवून एकाच जागी लागोपाठ स्पेक्ट्रम घ्या, मग नमुना सरकवून ताज्या जागी घ्या. दोन्ही जुळले नाहीत, तर जुनी जागा किरणानं बिघडवली असं समजा आणि तीव्रता कमी करा. हे न करता काढलेल्या निष्कर्षावर माझा तरी विश्वास बसत नाही.

दुसरी चूक सेलच्या रचनेत. सिग्नल चांगला यावा म्हणून खिडकी इलेक्ट्रोडला अगदी चिकटवली, की मधल्या पातळ थरात आयनांची ये-जा अडते, पीएच बदलतो, रोध वाढतो. 50 ओहमच्या रोधातून 10 मिलिअँपिअर गेले, तर 0.5 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. आलेखावरचा विभव मग कागदावरचाच. आधी याच सेलमधला प्रवाह-विभव आलेख नेहमीच्या सेलशी ताडून बघा. स्पेक्ट्रममधला पीक (उंचवटा) अचानक खाली आला तर बुडबुडा अडकलाय का, तेही पाहा.

निकेलवर काम करणाऱ्यांनी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधल्या लोहाचा अंश आधी काढावा. 474 आणि 554 सेंमी⁻¹ चे पीक निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडचे म्हणून दिसतील, पण ऑक्सिजन सोडण्याचा वेग मात्र आत शिरलेल्या लोहानं वाढवलेला असेल. हायड्रोजन सोडणाऱ्या उत्प्रेरकासमोर प्लॅटिनमचा काउंटर इलेक्ट्रोड (सर्किट पूर्ण करणारा समोरचा इलेक्ट्रोड) नको. तो विरघळून उत्प्रेरकावर बसतो आणि प्लॅटिनमच्या कामाचं फुकटचं श्रेय उत्प्रेरकाला मिळतं.

आणखी एक: सर्वात ठळक पीक म्हणजेच अभिक्रियेतला कारभारी असं नाही. मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणात प्लॅटिनमवर 2050 सेंमी⁻¹ च्या आसपास ठसठशीत दिसणारा कार्बन मोनॉक्साइड बहुतेकदा जागा अडवून बसलेला असतो. विभव बदलल्यावर कोणता पीक प्रवाहाबरोबर हलतो, ते आधी पाहा.