झारेविच की त्सेसारेविच? रशियाचा युवराज ओळखायचा कसा

मागच्या गणपतीत आमच्या दांडियाबाजारच्या क्विझला मी एक प्रश्न टाकला होता, रशियाच्या शेवटच्या झारचा मुलगा अलेक्सेई, त्याचं टायटल काय? कार्डावर उत्तर लिहिलं होतं झारेविच. मागच्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले चूक आहे, तो त्सेसारेविच होता. मी आपला शहाणपणाने, काका एकच ते, उच्चाराचा फरक. तर एकच नाहीये. घरी येऊन तीन रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं आपण माईकवर काय बोलून आलो ते. सिरियल, यूट्यूब, मराठी पुस्तकं, सगळीकडे सरसकट झारेविच ठोकलेलं असतं म्हणून हे लिहितोय, पुन्हा कोणाची अशी फजिती व्हायला नको.

पहिलं काम म्हणजे वर्ष बघा. नाव, फोटो, मेडल सगळं नंतर. १५४७ मध्ये चौथा इवान मॉस्कोत झार झाला, तिथून पीटर द ग्रेटपर्यंतचा काळ असेल तर झारेविच बिनधास्त लिहा, कारण तेव्हा झारचा प्रत्येक मुलगा झारेविच, मुलगी झारेव्हना आणि बायको झारित्सा. पाच मुलगे असतील तर पाचही झारेविच, गादी कोणाला मिळणार याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. जन्माला आला की लागलं, आडनावासारखं.

वर्ष १७२१ च्या पुढचं असेल तर जरा थांबा, कारण त्या वर्षी पीटरने सम्राट ही पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी कायदा केला की गादीवर बसलेला माणूस आपला वारस स्वतः ठरवेल, मोठा मुलगा वगैरे काही नाही. त्याचा स्वतःचा मुलगा, त्याचंही नाव अलेक्सेई (क्विझवाला नव्हे), १७१८ मध्ये किल्ल्याच्या तुरुंगात छळ होऊन मेला होता, ते माहीत असेल तर हा कायदा कुठून आला ते कळतं. गंमत अशी की १७२५ मध्ये पीटर गेला तोच वारस न ठरवता! मग काय, बायको, नातू, पुतणी, तान्हं बाळ, मुलगी, पुन्हा एक नातू आणि शेवटी त्या नातवाची बायको म्हणजे कॅथरीन द ग्रेट, १७६२ पर्यंत ३७ वर्षांत सात जण गादीवर आले आणि बऱ्याच वेळा निकाल राजधानीतल्या गार्ड पलटणींनी लावला. या काळातला युवराज शोधत असाल तर नियम लावू नका, त्याला कोणी आणि कधी नेमलं एवढंच शोधा.

आता खरा मुद्दा, १७९७. कॅथरीनचा मुलगा पॉल, आईशी अजिबात न पटणारा, आई आपल्याला डावलून नातवाला बसवणार ही धास्ती त्याने वर्षानुवर्षं काढलेली, त्याने स्वतःच्या राज्याभिषेकाच्या दिवशीच वारसाचा कायदा जाहीर केला. मोठा मुलगा, मग त्याचा मोठा मुलगा, ती शाखा संपली तरच पुढचा भाऊ, आणि घराण्यातले सगळे पुरुष संपले तरच बायकांकडे. आपल्याला बडोद्यात हे समजायला सोपं आहे, सयाजीरावांचे थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्येच गेले, तर १९३९ मध्ये गादी त्यांच्या मुलाकडे म्हणजे नातू प्रतापसिंहरावांकडे आली. पॉलचा हिशोब हाच. फक्त दत्तकाचा मार्ग तिथे नव्हता, म्हणजे कवळाण्याहून मुलगा (खुद्द सयाजीराव) दत्तक आणून १८७५ मध्ये गादीवर बसवला तसं पीटर्सबर्गमध्ये जमलं नसतं.

या कायद्यानंतर वारसाचं टायटल पक्कं झालं, नास्लेदनिक त्सेसारेविच. नास्लेदनिक म्हणजे वारस. झार आणि त्सेसार दोन्ही शब्द मुळात सीझरवरूनच आलेत, त्यामुळे गोंधळ होतो, पण झारेविच हा जन्म आहे आणि त्सेसारेविच हे पद आहे, आणि पद एका वेळी एकालाच. त्याची बायको त्सेसारेव्हना. बाकीचे भाऊ वेलिकी क्न्याज, ज्याला इंग्रजीवाले ग्रँड ड्यूक म्हणतात. रोमानोव्ह घराण्यात यानंतर कोणाचंच अधिकृत टायटल झारेविच नव्हतं, अलेक्सेईचंही नाही. (काकांना इथूनच नमस्कार.)

इतकं कळलं की माणूस खूश होतो आणि तिथेच पुन्हा आपटतो, कारण पॉलने स्वतःच आपला नियम वाकवला. मोठा मुलगा अलेक्झांडर वारस असताना १७९९ मध्ये त्याने धाकट्या कॉन्स्टंटिनला सेनापती सुवोरोव्हबरोबरच्या लढाईबद्दल त्सेसारेविच ही पदवी बक्षीस दिली. पुढे कॉन्स्टंटिनने गादीवरचा हक्क सोडला, तो कागद गुप्त ठेवला गेला, १८२५ मध्ये अलेक्झांडर वारल्यावर सैन्याने आधी कॉन्स्टंटिनच्या नावाने शपथ घेतली आणि मग सांगितलं की नाही नाही, त्याच्याहून धाकटा भाऊ निकोलस (पहिला). त्या घोळात डिसेंबरमध्ये सिनेट चौकात बंड झालं. कॉन्स्टंटिन मात्र १८३१ मध्ये मरेपर्यंत त्सेसारेविच म्हणवला गेला! उलटा प्रकार शेवटच्या झारच्या, म्हणजे दुसऱ्या निकोलसच्या धाकट्या भावाचा, मिखाईलचा. मधला भाऊ गिऑर्गी १८९९ मध्ये वारला, मिखाईल वारस झाला, पण त्याला त्सेसारेविच केलंच नाही, आणि १९०४ मध्ये अलेक्सेई जन्मल्यावर वारसपणही गेलं. म्हणून नेहमी दोन प्रश्न वेगळे विचारायचे: रांगेत पुढे कोण, आणि पदवी कोणाला दिली.

टायटल नक्की होत नसेल तर कामावरूनही अंदाज येतो. वारस १६ व्या वर्षी सज्ञान धरला जायचा (घराण्यातले बाकीचे २० व्या) आणि तेव्हा त्याची जाहीर शपथ व्हायची. १८२७ पासून सगळ्या कोसॅक (रशियाच्या घोडेस्वार) फौजांचा मानाचा अतामान, म्हणजे सरदार, तोच, त्यामुळे फोटोत एवढंसं पोरगं कोसॅक वेशात असेल तर लक्ष द्या. दुसरा निकोलस युवराज असताना १८९०-९१ मध्ये पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला, डिसेंबरात मुंबईला उतरला, पुढे जपानात ओत्सूला एका पोलिसानेच त्याच्या डोक्यावर तलवार चालवली, आणि तिथून वाचून व्लादिवोस्तोकला जाऊन सैबेरियन रेल्वेचा मुहूर्त केला. नंतर त्या रेल्वेच्या कमिटीचा अध्यक्षही तोच. म्हणजे नुसता शोभेचा नव्हता. अलेक्सेईच्या नशिबी मात्र यातलं फारसं आलं नाही, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) होता, कित्येकदा खलाशी त्याला उचलून न्यायचे.

तारखांचं एक, जुनं रशियन कॅलेंडर १९ व्या शतकात १२ दिवस मागे होतं आणि २० व्या शतकात १३, म्हणून अलेक्सेईचा जन्म कुठे ३० जुलै दिसेल, कुठे १२ ऑगस्ट. दोन्ही बरोबर.

१९१७ च्या क्रांतीनंतरचं लिहिताना शब्द जपून वापरा. निकोलसने स्वतःबरोबर मुलाचाही हक्क सोडला, पॉलच्या कायद्यात बापाने मुलाच्या वतीने असं करायची सोयच नव्हती, आणि ज्याच्यासाठी गादी सोडली तो भाऊ मिखाईल दुसऱ्या दिवशी म्हणाला संविधान सभा बोलावेल तरच. मग गादीच राहिली नाही. १९२४ मध्ये परदेशात निकोलसचा चुलतभाऊ किरिलने स्वतःला सम्राट जाहीर केलं, त्याचा पणतू गिऑर्गी आज त्सेसारेविच लावतो, घराण्यातल्या सगळ्यांना ते मान्य नाही. १९७१ ला संस्थानिकांची मान्यता गेली तरी आपल्याकडे लोक महाराज म्हणतातच ना, तसंच धरा, फक्त मजकुरात ‘म्हणवतात’ एवढा शब्द घाला.

मराठीत मी आता वारसाला युवराज आणि बाकीच्यांना राजपुत्र लिहितो, भांडणच नको. यंदाच्या क्विझला मिखाईलचा प्रश्न काढलाय, कार्ड आधीच काकांकडून तपासून घेतलं.