रंगीत कोळंबीच्या निवडक पैदाशीपूर्वीची तयारी

गोड्या पाण्यातील शोभेच्या कोळंबीची रंगासाठी पैदास करायची असेल, तर तयारीच्या यादीत सर्वांत वर नाकारलेल्या कोळंबीची टाकी असावी, असे माझे ठाम मत आहे. निवड म्हणजे मुख्यतः नको असलेले वेगळे काढणे होय, आणि वेगळे काढलेले ठेवायला जागाच नसेल, तर फिकट नर आणि ठिपकेदार माद्या ‘राहू द्या आणखी थोडे दिवस’ म्हणत मूळ टाकीतच राहतात व पुढच्या पिढीचे आईबाप होतात. म्हणून किमान दोन, शक्यतो तीन टाक्या आधी तयार कराव्यात: एक पैदाशीची, एक नाकारलेल्यांची आणि तिसरी, लहानशी का होईना, नव्याने आणलेल्या कोळंबीला वेगळे ठेवण्यासाठी.

त्यानंतर नेमका कोणता रंग आणि कोणता वाण हवा, हे कागदावर लिहून ठेवावे. बाजारात चेरी म्हणून ओळखली जाणारी लाल कोळंबी आणि तिचे पिवळे, नारिंगी व निळे भाऊबंद हे बहुतांशी निओकॅरिडिना डेव्हिडी या एकाच प्रजातीचे वाण आहेत, आणि या प्रजातीचा नैसर्गिक रंग तपकिरी-हिरवट आहे. वेगवेगळ्या रंगांचे वाण एका टाकीत सोडले की त्यांचा संकर होतो आणि काही पिढ्यांतच संतती पुन्हा त्या मूळ तपकिरी छटेकडे वळू लागते. म्हणून एका टाकीत एकच रंग, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल रेड ही कॅरिडिना या वेगळ्या प्रजातीसमूहातली आहे. जपानमधील हिसायासु सुझुकी यांनी 1990 च्या दशकात काळ्या-पांढऱ्या ‘बी’ (म्हणजे मधमाशीसारख्या पट्ट्यांच्या) कोळंबीत आढळलेल्या लाल पिलांपासून हा वाण स्थिर केला. तिथला लाल रंग अप्रभावी आहे, त्यामुळे लाल आणि शुद्ध काळ्या कोळंबीच्या संकरातून आलेली पहिली पिढी काळी दिसते, पण लाल रंगाचा वारसा पोटात बाळगून असते. चेरीच्या रंगाचा दाटपणा मात्र असा एका जनुकाच्या हिशेबात बसत नाही. तो पिढ्यान्पिढ्या थोडा थोडा वाढवावा लागतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने चेरीच घ्यावी.

पाणी प्रजातीनुसार ठरते. निओकॅरिडिनाला सामू (पीएच) साधारण 6.5 ते 7.8, एकूण कठीणपणा 6 ते 10 अंश आणि तापमान 22 ते 25 अंश सेल्सिअस मानवते. क्रिस्टल कोळंबीला 6 ते 6.5 सामूचे मऊ पाणी लागते, म्हणजे आरओचे पाणी, त्यात मोजून घातलेले क्षार आणि सामू खाली ठेवणारी विशेष माती, एवढा संसार वाढतो. दोन्हींच्या बाबतीत आकडा थोडा मागेपुढे झाला तरी चालेल, पण तो स्थिर हवा. पाण्यात अचानक बदल झाला की कात टाकताना कोळंबी अडकते आणि मरते. टाकी 30 ते 40 लिटरची असावी, तिच्यात मासे नसावेत आणि पिल्ले ओढली जाऊ नयेत म्हणून स्पंजचा फिल्टर असावा. तांबे असलेली औषधे व खते टाकीच्या आसपासही ठेवू नयेत, आणि नवी पाणवनस्पती कीटकनाशकाविना वाढवलेली आहे याची खात्री झाल्याशिवाय आत लावू नये. टाकी कोळंबीविना चालू ठेवावी; चार ते सहा आठवड्यांनी पाण्यातले विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले तरी कोळंबी सोडण्याची घाई करू नये. काचेवर आणि पानांवर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर नीट धरू द्यावा, कारण अंड्यातून निघालेले पिल्लू पहिले काही आठवडे त्यावरच जगते.

पायाभूत समूहासाठी वीसेक कोळंबी पुरे होतात, पण त्या एकाच वाणाच्या असून कोळंबी पाळणाऱ्या दोन वेगवेगळ्या लोकांकडून आणलेल्या असाव्यात, म्हणजे रक्तसंबंध फार जवळचे राहत नाहीत. आयुष्य जेमतेम दीड-दोन वर्षांचे असल्यामुळे पूर्ण वाढलेल्यांपेक्षा अर्धवट वाढलेल्या घेणे शहाणपणाचे. अंडी धरलेली मादी कितीही मोहक वाटली तरी त्या अंड्यांचा बाप आपल्याला माहीत नसतो, हे लक्षात ठेवावे. आणलेल्या कोळंबीला थेंब थेंब पाण्याने सवय लावून तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे. या काळात डोक्याच्या टोकाशी पांढरे बारीक धागे किंवा पोटाखालच्या पायांत हिरवट वाढ, म्हणजे परजीवींची खूण, दिसते का, हे भिंगातून पाहावे.

आता निवडीची साधने. एक पांढरे पसरट भांडे, एकच ठरलेला दिवा, एक भिंग आणि मऊ जाळी एवढेच सामान लागते, पण ते दर वेळी तेच हवे, कारण कोळंबी गडद तळावर रंग दाट करते आणि फिकट तळावर उतरवते; दोन दिवसांचे दोन वेगळे प्रकाश आपल्याला सहज फसवतात. मादीला बाजूने उजेडात धरून पाहावे. डोक्यामागे अंडाशयाचा पिवळसर, खोगिरासारखा डाग कवचातून स्पष्ट दिसत असेल तर रंग अजून पातळ आहे; उत्तम मादीत कवच इतके दाट असते की तो डाग जवळजवळ झाकून जातो आणि पायांची टोकेही रंगलेली असतात. नर मुळातच लहान आणि फिकट असतो, म्हणून त्याची तुलना मादीशी न करता इतर नरांशी करावी. नवखे पैदासकार नेमके इथे चुकतात: माद्या काटेकोरपणे निवडतात आणि नर सरसकट ठेवतात, वास्तविक पिलाचा निम्मा वारसा नराचा असतो. प्रवासाने किंवा नुकतीच कात टाकल्याने उतरलेला रंग खरा मानू नये, तसेच फार लहान पिलांवर निकाल देऊ नये. वाढीबरोबर, विशेषतः माद्यांचा, रंग बराच गडद होतो.

एक वहीही आजच आणावी. अंडी साधारण तीन ते चार आठवडे मादीच्या पोटाखाली राहतात आणि पिल्ले पुढे अडीच-तीन महिन्यांत वयात येतात, म्हणजे वर्षाला फार तर तीन पिढ्या हाताळता येतात. कोणत्या पिढीत किती ठेवल्या आणि कशामुळे काढल्या हे न लिहिल्यास दुसऱ्या वर्षी आठवणीवर विसंबावे लागते. रंग वाढवणारे खाद्य वापरायचे असेल तर ते सर्वांना सारखेच द्यावे, नाहीतर खाद्याचा रंग वारशाच्या खात्यात जमा होतो. अंड्यांची संख्या घटू लागली किंवा पिल्ले अशक्त निघू लागली, तर त्याच वाणाचे नवे नर आणण्याची तजवीज आधीच करून ठेवावी.

शेवटी नाकारलेल्या टाकीची मर्यादा ठरवावी. त्या टाकीतही पैदास होतच राहील आणि ती भरेल. तेव्हा संकर न करता नुसती हौस म्हणून पाळू इच्छिणारे लोक आधी शोधून ठेवावेत आणि कोळंबी देताना ती निवडीतून बाद झालेली आहे हे स्पष्ट सांगावे. ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत ती कदापि सोडू नये, कारण परक्या पाण्यात तग धरलेली कोळंबी तिथल्या जीवांचे अन्न आणि जागा बळकावू शकते आणि आपल्याबरोबर परजीवीही नेऊ शकते.