शाळेच्या नळात शिसे, टाकीत मात्र नाही

खानापूर तालुक्यातील शाळा. बोअर आणि टाकीच्या नमुन्यात शिसे नाही, पण मुले पितात त्या नळाच्या पाण्यात ते आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील लिटरला 0.01 मिलिग्रॅम मर्यादेपेक्षा जास्त.

टाकी धुतली, क्लोरीन वाढवले, पाणी उकळले. उकळून शिसे जात नाही. पाणी आटते तसे दाट होते. पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजणाऱ्या टीडीएस मीटरला ते वेगळे दिसतच नाही. दोन महिने फुकट गेले.

उपयोग झाला तो असा. संध्याकाळी नळ बंद केल्यावर किमान 8 तास पाणी हलू दिले नाही. सकाळी तोटीची जाळी न काढता पहिल्या धारेची 250 मिलीची बाटली भरली, मग 30 सेकंद पाणी सोडून दुसरी. (प्रयोगशाळेच्या बाटलीत आम्ल घातलेले असेल तर ती विसळू नका.) पहिलीत शिसे जास्त, दुसरीत कमी: म्हणजे दोष तोटीत किंवा तिच्या लगतच्या जोडात. दोन्हीत जास्त आले असते तर मागची पाइप उकरावी लागली असती.

व्हॉल्व्ह बंद करून जुनी पितळी तोटी आणि डाख दिलेला तांब्याचा तुकडा काढला. जागी स्टेनलेस स्टीलची तोटी, टेफ्लॉन टेप, डाख नाही. जाळी न बसवता 10 मिनिटे पाणी वाहू दिले, कारण काम करताना सुटलेले कण जाळीतच अडकतात आणि पुढचा नमुना बिघडवतात. मग जाळी लावली. तीन आठवड्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा तपासले. दोन्ही बाटल्या मर्यादेच्या आत.