दिवा लागतो, पण कॅमेरा सापडत नाही?
रबाळे एमआयडीसीत पॅकिंग लाइनवरचा, लेबल तपासणारा गिगई कॅमेरा (GigE, म्हणजे लॅन केबलवरून चित्र पाठवणारा) सॉफ्टवेअरमध्ये दिसेना, की पहिला हात केबल बदलायला जातो. केबल बघाच, पीओईवर (म्हणजे लॅन केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणारा कॅमेरा साध्या स्विचला लावला असेल तर तो सुरूच होणार नाही. पण लॅन पोर्टचा दिवा लागत असेल, तर माझा पहिला संशय आयपी पत्त्यावर.

नेटवर्कवर डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) नसेल आणि कायमचा पत्ता दिलेला नसेल, तर असा कॅमेरा स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. कॉम्प्युटरचं लॅन कार्ड मात्र १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर. एकाच केबलवर असून दोघं वेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या वेगळ्या गटात! कार्डाला १६९.२५४.१०.१ हा पत्ता आणि २५५.२५५.०.० हा सबनेट मास्क (सबनेट ठरवणारा आकडा) द्या. त्याच कॉम्प्युटरमधलं ऑफिसच्या नेटवर्कचं दुसरं लॅन कार्ड या सबनेटमध्ये ठेवू नका, नाहीतर डेटा भलत्याच कार्डातून बाहेर पडतो.

तरीही नाही? ऑफिसची लॅन काढून विंडोज फायरवॉल दोन मिनिटं बंद करा आणि पुन्हा शोधा. सापडला, तर फायरवॉल लगेच चालू करून फक्त त्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या. जम्बो फ्रेमच्या (डेटाची मोठी पाकिटं पाठवायच्या सेटिंगच्या) मागे आत्ताच लागू नका. ती चित्र तुटत असेल तेव्हा बघायची.